तिसऱ्या मजल्यावरची वकिलात

आमच्या बिल्डिंगमध्ये एक वकिलात होती. पटणार नाही, पण होती. मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या गल्लीत, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, गच्चीवरची टाकी कायम गळकी. एकूण घरं बारा. त्यांतल्या अकरा घरांत माणसं राहत होती आणि अकरा नंबरच्या घरात वकिलात. झेंडा तेवढा नव्हता.

अकरा नंबरच्या बाई परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन राहायला आल्या, त्या आठवड्यात प्रत्येक दाराखालून एक जाड, सायीच्या रंगाचं कार्ड आत सरकलं. त्यावर फक्त बाईंचं नाव आणि एक कोपरा मुद्दाम दुमडलेला. मी नुकताच सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो, त्यामुळे सगळ्यांनी आपापलं कार्ड घेऊन माझ्याकडे धाव घेतली. सर्वांत आधी चेअरमन तात्या. तात्या मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः बस डेपोतून रिटायर झालेले. राहायला बारा नंबरात, म्हणजे बाईंच्या शेजारच्याच दारात.

"ह्या काय रे आसा?" तात्या कार्ड उलटंसुलटं करत म्हणाले. "लग्नाची पत्रिका म्हणूची तर नवरो खंय, नवरी खंय? आणि कोपरो कोणी मोडलो?"

कोपरा मोडला याचा अर्थ कार्ड नोकराहाती न पाठवता स्वतः येऊन दिलं, आणि ज्याला दिलं त्यानं अठ्ठेचाळीस तासांत परत भेटायला जायचं, हा त्यांच्या धंद्यातला जुना रिवाज. आम्हाला काय ठाऊक? कोणीच गेलं नाही. एकोणपन्नासाव्या तासाला बाई माझ्या दारात. उंच, सडपातळ, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.

"आपण सेक्रेटरी?"

"हो."

"फर्स्ट सेक्रेटरी, सेकंड की थर्ड?"

"एकच आहे हो."

"म्हणजे वकिलात फारच लहान आहे," बाई सहानुभूतीनं म्हणाल्या आणि आत आल्या. आत येताना दारात क्षणभर थांबून त्यांनी उजवीकडे जागा सोडली, कुणाला तरी आधी जाऊ द्यावं तशी. मी मागे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं.

ही गोष्ट नंतर सगळ्यांच्याच लक्षात आली. जिना उतरताना बाई भिंतीला अंग घासत उतरत आणि उजवी बाजू मोकळी ठेवत. भाजी आणायला निघाल्या तरी तसंच. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, "उजवी बाजू मानाची असते." विषय संपला.

नोकरीच्या गोष्टी त्या फार सांगत नसत. पण एखादी अशी सांगत की आठवडाभर पुरावी. त्या खात्यात गेल्या तेव्हा बाईला लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची. "मी मागितलीच नाही," बाई म्हणाल्या. "परवानगीही नाही आणि नवराही." पहिल्या पोस्टिंगला त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना पाहुण्यांच्या बायकांशी बोलायला बसवलं. बाई त्या बायकांशीच बोलत राहिल्या आणि तीन महिन्यांत त्या देशाचं मंत्रिमंडळ बदलणार हे सगळ्या राजदूतांच्या आधी यांना कळलं. देशांची नावं त्या घेत नसत. पहिलं पोस्टिंग, दुसरं पोस्टिंग. तिसरं म्हणताना मात्र आवाज एक पायरी खाली उतरायचा.

मी सरकारी विमा कचेरीत कारकून. ऑफिसच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी भूमिका करणारा माणूस. मला असा ऐवज आयता घरावर मिळालेला! हो, घरावरच. कारण मी आठ नंबरात, बरोबर अकराच्या खाली. त्यांच्या चपलांचा टकटक आवाज माझ्या छतातून यायचा.

बाथरूममध्ये पाणी गळू लागलं तेव्हा मी वर चिठ्ठी पाठवली: "पाणी गळतंय, बघा." उत्तर आलं ते मी अजून जपून ठेवलंय.

"फ्लॅट क्रमांक अकरा, फ्लॅट क्रमांक आठला सादर अभिवादन करून कळवू इच्छितो की आठच्या बाथरूममध्ये गळणारं पाणी अकराचं नसून बाराचं आहे. ही संधी साधून फ्लॅट क्रमांक अकरा, फ्लॅट क्रमांक आठविषयी वाटणाऱ्या आपल्या अत्युच्च आदराची पुन्हा एकदा ग्वाही देतो."

सही नाही. खालच्या कोपऱ्यात दोन बारीक आद्याक्षरं. दोन सरकारं एकमेकांना पत्रं लिहितात ती म्हणे अशीच. प्रत तात्यांना. तात्या भडकलेच. "माका नोटीस? आणि वर आदर?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "भांडण असलं तरी आदर लिहायचा असतो, चेअरमनसाहेब. ज्या दिवशी आदर लिहिणं बंद होतं, त्या दिवशी तोफा सुरू होतात."

तात्यांनी दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला.

आणखी एक सवय. कुठलाही कागद हाती आला की बाई आधी तो उलटून मागची बाजू पाहायच्या. वीजबिल, पेस्ट कंट्रोलची जाहिरात, हळदीकुंकवाचं बोलावणं. कोरी असली तरी बोट फिरवून खात्री करायच्या. मी सोसायटीची नोटीस सहीला नेली की पहिला प्रश्न ठरलेला. "मागचं पान वाचलंत, सेक्रेटरी?" मागचं पान नसायचंच. मी मान डोलवायचो. या वाक्याची मी बिल्डिंगभर नक्कल करत असे, आणि ती झकास जमत असे.

आता चहाकडे येतो.

दर शनिवारी सव्वाचारला अकरा नंबरात चहा. आमंत्रित चौघं: मी, माझी बायको, तात्या आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी. लंबगोल टेबल, सहा वेताच्या खुर्च्या, प्रत्येक बशीजवळ नावाचं छोटं कार्ड. चेअरमन म्हणून तात्या बाईंच्या डाव्या हाताला. मग मी, मग काकी, मग बायको. बायकोला शेवटचं स्थान टोचलं. बाई म्हणाल्या, "प्रोटोकॉल आहे. पुढच्या निवडणुकीत तुम्ही उभ्या राहा."

बाईंच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी. तिथलं कार्ड पालथं. पण कप मांडलेला, आणि पहिला चहा त्याच कपात. बिनदुधाचा, गडद, बशीत साखरेचा एक खडा.

कप आपोआप रिकामा व्हायचा असं मी सांगणार, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. तसं झालं असतं तर मी घाबरलो नसतो, उलट तिकीट लावलं असतं. कप शेवटपर्यंत भरलेलाच असायचा. फक्त त्यातली वाफ भराभर मरायची. एकाच किटलीतला चहा, एकाच वेळी ओतलेला. आमचे कप ओठाला चटके देत असताना मी एकदा बाईंची नजर चुकवून त्या कपात बोट बुडवलं. माठातलं पाणी.

आणि खुर्ची. वेताची खुर्ची माणूस बसताना बोलते, उठताना बोलते. रिकामी असताना गप्प असते. ही खुर्ची आम्ही निघायच्या जरा आधी, बाई उठल्या की लगेच, एकदा कुर्रर करायची. पाहुणा यजमानिणीच्या मागोमाग उठतो तशी.

तात्या म्हणायचे वेत सुकलाय. काकी पदर घट्ट ओढून घ्यायच्या. बायको म्हणायची, "मला नको तो चहा, तू एकटा जा." आणि मी? मला खरं सांगायला हवं, मी मजेत होतो. मिठागरांवरचं पांढरं ऊन खिडकीतून आत पडलेलं, बाहेर कावळासुद्धा ओरडत नाही, आणि भर दुपारी पाठीवरून एक गार रेघ सरकतेय. फुकटात!

बरं, आमच्या आधी चारला वर काय होतं, तेही मला खालून ऐकू यायचं. ठोक्याला दाराची कडी निघायची. बाई परक्या भाषेत एक वाक्य बोलायच्या, पाच-सहा शब्दांचं. मग थोडा वेळ काही नाही. मग दार बंद. मग त्यांच्या चपला टेबलापर्यंत टकटक. आणि मग, चपलांशिवाय, कुर्रर.

एका शनिवारी मला राहवलं नाही. बाई स्वयंपाकघरातून किटली आणायला गेल्या आणि मी उठून त्या खुर्चीत जाऊन बसलो. बायकोनं डोळे मोठे केले, तात्यांनी "मेल्या, ऊठ!" म्हटलं, पण मी रंगमंचावरचा माणूस, मांडीवर मांडी टाकून बसलो. बाई आल्या. किटली खाली ठेवली. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या जरा वर पाहिलं आणि त्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आवाजावरून माफी मागत असाव्यात.

मग मराठीत, अगदी सौम्यपणे: "सेक्रेटरी, आपण कुणाच्या तरी मांडीवर बसला आहात."

मी असा उठलो की टेबलावरची बशी फुटली. सदरा पाठीवर ओला चिंब वाटत होता. घरी येऊन पाहिला तर कोरडा होता. नुसता गार.

पुढे आमच्याकडे रीडेव्हलपमेंट आलं. मुलुंडमध्ये कुठल्या गल्लीत आलं नाही? प्लास्टर पडत होतं, काकींच्या ओट्यावर एकदा छताचा तुकडा पडला, आणि तात्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. ते दर पायरीवर थांबत तिसरा मजला चढायचे. नव्या इमारतीत लिफ्ट म्हणजे तात्यांसाठी उरलेलं आयुष्य होतं. अकरा घरांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. अकरा नंबरनं केली नाही. उत्तर आलं: फ्लॅट क्रमांक अकरा सादर अभिवादन करून कळवतो की हा पत्ता बदलता येणार नाही. पुढे अत्युच्च आदर वगैरे.

बिल्डर म्हणाला, एक माणूस अडला की कोर्टकचेरीत वर्षं जातात. तात्या मला म्हणाले, "चल. आज ह्या बायेक विचारतंयच." आम्ही वर गेलो. शनिवार नव्हता, तरी खुर्च्या सहाच मांडलेल्या.

तात्यांनी मराठी नीट जुळवून विचारलं, "बाई, माझे गुडघे बघा. तुम्हाला नवं घर मिळतंय, मोठं. अडचण काय आहे?"

बाई मनगटावरचं घड्याळ फिरवत म्हणाल्या, "मी एकीला हा पत्ता दिला आहे."

तिसरं पोस्टिंग. तिथल्या वकिलातीत एक दुभाषी होती, त्याच देशातली. बावीस वर्षं नोकरी. बाई जिथे जातील तिथे त्यांच्या उजव्या हाताला, जरा मागे. बाईंना ती भाषा तिनंच शिकवली. मग तिथे सरकार कोसळलं, शहरात गोळीबार सुरू झाला आणि आपली माणसं काढायला विमान आलं. राजदूत आधीच परतले होते. वकिलात बाईंच्या ताब्यात होती आणि विमानाची यादी बाईंच्या सहीची. यादीत फक्त भारतीय.

"ती फाटकापर्यंत सोडायला आली," बाई म्हणाल्या. "परक्यांकडे नोकरी केलेल्यांना तिथे शोधत होते, तिला माहीत होतं. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. मी माझं कार्ड काढलं आणि मागे हा पत्ता लिहिला, वडिलांच्या या घराचा. म्हटलं, जमेल तशी निघ आणि इथे ये. तिनं विचारलं, दार कोण उघडेल? मी म्हटलं, मी. शनिवारी चारला आम्ही दोघी चहा घ्यायचो, म्हणून शनिवारी चार."

मला एकदम हलकं वाटलं. एवढंच ना! मी म्हणालो, "अहो बाई, मग सोपं आहे. तिला नवा पत्ता कळवून टाका. पत्र लिहा, ई-मेल करा. आता माणूस शोधणं काय कठीण आहे?"

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जिवंत असती तर केला असता, सेक्रेटरी. ती त्याच आठवड्यात गेली. मला खात्रीनं कळलेलं आहे. मेलेल्या माणसाला पत्ता बदलल्याचं कळवायची काही सोय नाही. तिच्याकडे हाच आहे."

खोलीत वेताचा आवाज झाला नाही. झाला असता तर बरं वाटलं असतं.

तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं घाबरले. पण ते वेगळंच बोलले.

"बाई, तुम्ही रिटायर होऊन यायच्या आधी हे घर बंद होतं ना?"

"बरीच वर्षं. का?"

"बेल वाजायची," तात्या म्हणाले. "बंद घरात. शनिवारची, चार वाजता. एकदाच. आमका वाटला शॉर्ट सर्किट. मी वायरमन आणून मेन स्विच काढून घेतलो. तरी वाजायची."

बाई इतक्या हळू बोलल्या की आम्हाला पुढे वाकावं लागलं. "किती वर्षं?"

"धा तरी."

"आणि कोणी दार उघडलं नाही."

"किल्ली नव्हती," तात्या म्हणाले. मग मान खाली घालून, "मागितलीय नाय कोणी."

बाई उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या आता जन्मात सही करणार नाहीत हे मला कळलं, आणि तात्या आता त्यांना सही करायला सांगणार नाहीत हेही कळलं. इमारत अशीच एक दिवस आमच्या डोक्यावर येणार. तेव्हा मी तोंड उघडलं. मला संवाद पडू द्यायची सवय नाही.

"मी बसतो फाटकाशी," मी म्हणालो. "बांधकाम होईपर्यंत दर शनिवारी चारला. खुर्ची टाकतो, थर्मासमध्ये चहा आणतो. ते तुमचं वाक्य मला शिकवा. पाठांतर माझं चांगलं आहे."

बाई वळल्या. दोन दिवसांनी त्यांच्या अटी लेखी आल्या. पहिली: नव्या इमारतीतही फ्लॅट क्रमांक अकरा, आणि तो तिसऱ्याच मजल्यावर. दुसरी: मधल्या काळात फाटकावर सेक्रेटरी. तिसरी: सेक्रेटरींचे उच्चार तपासले जातील. मी सही केली. मग बाईंनी केली, संमतीपत्र दोनदा उलटून पाहून.

वाक्याचा अर्थ साधा होता: चहा गरम आहे, आत ये. पण शेवटच्या शब्दात घशातून काढायचा एक आवाज होता, ख आणि ह यांच्या मधला कुठला तरी. तो मला येईना. बाई समोर वेताच्या खुर्चीत बसायच्या, मी म्हणायचो, आणि घसा चुकला की त्या पुढे झुकायच्या. खुर्ची दोनदा तुटक वाजायची, कुर्र-कुर्र. मग "पुन्हा." महिनाभर कुर्र-कुर्र, पुन्हा. स्वयंपाकघरात बायकोसुद्धा म्हणायला लागली, "पुन्हा."

घरं रिकामी झाली. बाई भाचीनं बघून दिलेल्या पवईच्या भाड्याच्या जागेत गेल्या, आम्ही मुलुंड पश्चिमेला. इमारत पाडली. आणि मी दर शनिवारी पत्र्याच्या कुंपणाशी दोन खुर्च्या टाकून बसू लागलो. सुरुवातीला बाई रिक्षानं यायच्या आणि लांबून उच्चार ऐकायच्या. मग त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि येणं थांबलं. सोमवारी फोन: "आली?" मी म्हणायचो, "चहा गार झाला, बाई." हे आमचं हो होतं.

इमारत वर चढू लागली. एका शनिवारी तात्या काठी टेकत बघायला आले आणि बोटानं मजले मोजू लागले.

"अरे, तिसऱ्यार भिंती खंय आसत?"

भिंती नव्हत्याच. नुसते खांब आणि एक उतार. मी इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पहिले तीन मजले पोडियम पार्किंग. रिवाइज्ड प्लॅनमध्ये आहे ना, तुमचीच सही आहे." त्यानं कागद काढला. पहिल्या पानावर रंगीत चित्र आणि माझी झोकदार सही. पार्किंग मागच्या पानावर होतं.

ज्या वाक्याची मी नक्कल करत फिरलो, ते पाठ होतं. पाळलं नव्हतं. फ्लॅट क्रमांक अकरा आता सहाव्यावर होता आणि तिसऱ्यावर गाड्या लागणार होत्या. आणि सांगायचं कोणाला? ज्या बाईनं त्या पहिल्या अटीवर घर सोडलं, तिला.

पवईच्या त्या खोलीत बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मी नकाशा पुढे केला आणि सगळं सांगितलं. नाटकीपणा न करता, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी कागद हातात घेतला, उलटला, मागचं पान वाचलं.

"आपण हे पाहिलं नाहीत."

"नाही, बाई."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. बाईंनी कागदाची नीट घडी घातली.

"मीही पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दिल्लीहून आलेला आदेश दोन पानांचा होता. पहिल्यावर होतं, फक्त भारतीय नागरिक. मी यादी केली, सही केली, आदेश पर्समध्ये टाकला. विमान उडाल्यावर तो वाचायला काढला आणि पान उलटलं. मागे एक ओळ होती. स्थानिक कर्मचाऱ्यांपैकी अत्यावश्यक एक व्यक्ती, आपल्या निर्णयानुसार."

खाली रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या.

"माझ्या शेजारची उजवीकडची सीट रिकामी होती."

मग त्यांनी फूटपट्टी मागितली. जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरायला लावले आणि हवेत अकरा नंबरचं जुनं दार नेमकं कुठे होतं ते मोजायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावर, सत्तावीस नंबरच्या पार्किंगमध्ये. त्यावर पेन्सिलीनं एक बारीक फुली केली. "दार नसलं तरी उघडणारा पाहिजे," एवढंच म्हणाल्या. मी निघताना हाक मारली. "आणि सेक्रेटरी, शेवटचा शब्द अजून चुकतो."

ताबा मिळायला तीन आठवडे असताना, एका बुधवारी सकाळी बाई गेल्या. भाचीनं फोन केला. अकरा नंबर ती भाड्यानं देणार होती, खुर्च्या मला दिल्या.

मुंबईत माणूस एक वेळ किडनी देईल, पार्किंग देणार नाही. चिठ्ठ्या टाकून जागा वाटायची सभा झाली. सत्तावीस नंबर निघाला तात्यांच्या नावावर. तात्यांच्या मुलानं महिन्याभरापूर्वी नवी गाडी घेतलेली. तो खूश होऊन टाळ्या वाजवायला लागला. मी तात्यांकडे पाहिलं. मी त्यांना नकाशावरची फुली दाखवली होती.

तात्या काठी टेकत उठले. "सत्तावीस नंबर मोकळा रवतलो."

"बाबा, काय बोलताय? वेड लागलंय का? गाडी कुठे लावू?"

"रस्त्यार लाव," तात्या म्हणाले. "धा वर्सां बेल ऐकलंय मी. उठलंय नाय."

सभेत कोणाला काही कळलं नाही. मी इतिवृत्तात लिहिलं: जागा क्रमांक सत्तावीस राजनैतिक कारणांसाठी राखीव.

पहिला शनिवार आला. मी सत्तावीसमध्ये दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या, उजवीकडे पाहुणीची, डावीकडे माझी. मध्ये स्टूल, थर्मास, कप. एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. लिफ्टचं! तात्या सहाव्यावरून न थांबता, न धापता खाली आले होते आणि काठी काखेत मारून दोन्ही हातांनी माझ्या घरातली आणखी एक वेताची खुर्ची धरली होती.

"बाई खंय बसतली मग?" ते म्हणाले.

मला हे सुचलं नव्हतं. बाईंकडे तरी दुसरा कुठला पत्ता होता? मी उठलो, माझी खुर्ची बाजूला सरकवून तिसरी पाहुणीच्या डाव्या हाताला लावली, प्रोटोकॉलप्रमाणे, आणि दोघींचे कप भरले. मग माझा आणि तात्यांचा. तात्या शेजारच्या जागेतल्या स्कूटरच्या सीटवर टेकले. चार वाजले. उताराकडे, जिथे काही नव्हतं तिथे, तोंड करून मी वाक्य म्हटलं. चहा गरम आहे, आत ये.

उजवीकडची खुर्ची लांब कुर्रर करून बसली.

आणि तिच्या डावीकडची दोनदा तुटक वाजली. कुर्र-कुर्र.

तात्यांनी काठी छातीशी धरली. "चुकलास मेल्या," ते कुजबुजले. "नीट म्हण."

मी घसा खाकरला. ख आणि ह यांच्या मधली ती जागा शोधली आणि पुन्हा म्हटलं. खुर्च्या गप्प झाल्या. मग तात्या खाली वाकले आणि एकेका कपात बोट बुडवून पाहिलं. दोघींचे चहा माठातल्या पाण्यासारखे. आमचे अजून वाफाळत होते.